विस्थापितांचं उपनगर : ताम्हिणीहून पाहिलेलं कोथरूड

(सेनापती बापट यांच्या स्मरणार्थ ताम्हिणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सेनापती बापटांच्या नावाचे दोन मोठे रस्ते आपल्याला माहीत आहेत. एक मुंबईचा. तो लोअर परळवरून दादर-माहीमच्या दिशेने जातो. त्याच्या कडेला एके काळी कापडगिरण्यांचे भोंगे वाजत. त्या मुंबईला वीज हवी होती म्हणून मुळशीचं धरण झालं आणि त्या धरणाशी झुंजले म्हणून पांडुरंग महादेव बापट हे 'सेनापती' झाले. ज्या गिरण्यांसाठी मुळशीचं खोरं बुडालं, त्यांच्या भिंतीला लागून जाणाऱ्या रस्त्याला नाव बापटांचं आहे. दुसरा रस्ता पुण्याचा, चतुःशृंगीच्या पायथ्याने जाणारा. तिथे आज काचेच्या इमारती, मोठी हॉटेलं आणि कंपन्यांची ऑफिसं आहेत.

तिसरा रस्ता तुमच्या दारावरून जातो. त्याला बापटांचं नाव नाही. ताम्हिणी, निवे, माले, पौड, पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक करत पन्नासेक किलोमीटरवर तो कोथरूडला पोचतो. शहरात शिरला की त्याचं नाव पौड रोड, आणि कर्वे रोडला तो जिथे मिळतो तो पौड फाटा. मुळशी तालुक्याच्या ठाण्याचं नाव पुण्याच्या ऐन वस्तीत दिवसातून हजार वेळा घेतलं जातं. रिक्षावाला घेतो, बसचा कंडक्टर घेतो. ते नाव तिथवर कोणाच्या पायांनी गेलं, हा आजचा माझा विषय आहे.

ताम्हिणीत येऊन कोथरूडविषयी कशाला बोलायचं, असं कोणी विचारेल. मी उलट विचारतो : या पंचक्रोशीत असं एक घर दाखवा, की ज्यातलं कोणीच कोथरूडला नाही. कोणाचा चुलता सुतारदऱ्यात आहे, कोणाची बहीण किष्किंधानगरात दिली आहे, कोणाचा मुलगा सोसायटीत सुरक्षारक्षक आहे, कोणाची नात तिथल्या कॉलेजात शिकते आहे. विंझाईच्या जत्रेला ज्या गाड्या वर येतात, त्यांतल्या किती कोथरूडहून येतात ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

कोथरूड म्हटलं की महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. निवृत्त बँक अधिकारी, सकाळी टेकडीवर फिरणं, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातले प्रयोग, घरात दिवाळी अंकांची चळत, मुलगा अमेरिकेत. हे चित्र खोटं नाही. मी स्वतः त्याच चित्रातला आहे. माझे आईवडील नारायण पेठेतल्या वाड्यातून कोथरूडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले आणि मी तिथेच वाढलो. पण कोथरूडच्या इतिहासाचे कागद पाहायला लागल्यापासून माझी अशी खात्री झाली आहे, की या उपनगराचं खरं वैशिष्ट्य वेगळं आहे. कोथरूड वसवलं ते कुठून तरी उठून यावं लागलेल्या माणसांनी. कोणाला रूढीने उठवलं, कोणाला धरणाने, कोणाला पुराने, कोणाला दुष्काळाने. सगळेच विस्थापित. फरक एवढाच, की काहींचं येणं लिहून ठेवलं गेलं आणि काहींचं गेलं नाही.

मूळचं कोथरूड हे खेडं. टेकडीवर म्हातोबा आणि खाली गावठाण. कर्वे रोडला लागून मृत्युंजयेश्वराचं पेशवेकालीन देऊळ आजही आहे. पेशवाईत या बाजूला बागा होत्या, पुढे शेती. गावठाणातल्या जुन्या गल्ल्यांतून हिंडलं तर अजूनही एखादा दगडी जोत्याचा वाडा आणि दारातलं तुळशीवृंदावन दिसतं आणि अंगणाच्या मापावरून कळतं की इथे बैल बांधले जात होते. या मूळ रहिवाशांविषयी जास्त बोलता आलं असतं, पण त्यांची हकिगत महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरालगतच्या गावासारखीच आहे : शेत गेलं, पैसा आला, पुढच्या पिढीने कोणी दुकान काढलं, कोणी वाळू-विटांच्या धंद्यात शिरलं, कोणी राजकारणात.

बाहेरून आलेल्यांत लिहून ठेवलेलं पहिलं येणं विधवांचं आहे. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. त्याआधी तीन वर्षं त्यांनी स्वतः गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, पुनर्विवाह केला होता आणि मुरूडला त्याची किंमत मोजली होती. पुण्याच्या पेठांत विधवांना एकत्र ठेवून शिकवणाऱ्या माणसाला जागा मिळणं कठीण. त्यात प्लेग. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि १९०० मध्ये तिथे एक झोपडी उभी राहिली. हिंगणं तेव्हा शहरापासून चार मैल. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि काम आटोपलं की आश्रमाकडे पायी निघत. पावसाळ्यात चिखल तुडवत, अंधारात. आज ज्या रस्त्यावर त्यांचं नाव आहे आणि सिग्नलला आपण वैतागून थांबतो, तो त्या पायपिटीचा रस्ता.

ती झोपडी अजून जपून ठेवलेली आहे. कोथरूडला जाल तेव्हा कर्वेनगरात, म्हणजे त्या जुन्या हिंगण्यात, आवर्जून जा आणि ती पाहा. उंचीने बेताची, साधी. तिच्याभोवती आज हजारो मुली शिकतात. १९१६ मध्ये त्याच माळावर महिला विद्यापीठ सुरू झालं. तेच पुढे ठाकरसींच्या देणगीने वाढलं आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं. १९९१ मध्ये त्याच आवारात मुलींसाठी कमिन्सच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. पेठांनी ज्यांना ओसरीच्या आत बसवलं, डोकी भादरली, त्या बायकांसाठी शहराबाहेर जागा शोधावी लागली. कोथरूडच्या परिसराची आधुनिक ओळख तिथून सुरू होते. शहराला जे नको होतं ते शहराने बाहेर लोटलं, आणि मग शहरच त्याच्याभोवती येऊन वसलं.

आता तुमच्या घराकडे येतो.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. मुळा नदीवर टाटा कंपनीच्या धरणाचं काम चालू होतं. बावन्न गावं आणि अकरा हजारांच्या आसपास माणसं उठणार होती. त्या दिवशी हजाराहून अधिक मावळे बांधावर जाऊन बसले आणि काम थांबवलं. पुढारी होते विनायकराव भुस्कुटे आणि बापट. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. जगातल्या धरणविरोधी लढ्यांत हा अगदी पहिल्यांपैकी. पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी तर तो जगातला पहिलाच म्हणून त्याचा इतिहास लिहिला. त्यांचं काम मुळशी तालुक्याच्या प्रत्येक शाळेत असायला हवं.

व्होरांनी दाखवून दिलेली एक गोष्ट मला पुणेकर म्हणून फार टोचते. खोऱ्यातली पुष्कळशी जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांची होती. कर्ज आणि व्याज, मग खत, मग खरेदीखत, अशा पायऱ्यांनी ती मावळ्यांच्या हातून गेली होती. मावळा तीच जमीन कुळाने कसत होता. सुरुवातीला पुण्याचे सावकारही चळवळीच्या बाजूने उभे राहिले. पण १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली सरकार जमीन घेणार, हे नक्की झाल्यावर प्रश्न मोबदल्याचा झाला. ज्याच्या नावावर जमीन त्याला पैसे. सावकाराची जमीन म्हणजे वहीतला आकडा, आकड्याच्या बदल्यात आकडा मिळाला की त्याचं भागत होतं. मावळ्याचं काय? त्याचं भाताचं खाचर, देवाचा दगड, मयताची जागा, गुरांची वाट, आणि ज्या बांधावरून बापजाद्यांनी भांडणं केली तो बांध, यांतलं काहीच वहीत नव्हतं. चळवळ आतून दुभंगली. बापट तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी धरणाच्या कामावरची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. १९२७ पर्यंत धरण पुरं झालं. पूर्वेला वाहणाऱ्या मुळेचं पाणी डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याला उतरलं, तिथली चाकं फिरवून कुंडलिकेला मिळालं. तुमच्या छपरावर पडणारा पाऊस आजही त्याच वाटेने मुंबईचे दिवे लावतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्याने कसणारा मालक झाला. लाखो कुळांच्या सातबाऱ्यावर पहिल्यांदा स्वतःचं नाव चढलं. मुळशीच्या खोऱ्यातली ती खाचरं कोरडी राहिली असती, तर त्या मावळ्यांच्या नातवांची नावंही चढली असती. तीस वर्षं आधीच ती पाण्याखाली गेली होती. पाण्याखालच्या जमिनीला कूळ लागत नाही. पुण्यातल्या मालकाला मोबदला मिळाला आणि कसणाऱ्याला काठावरचा मुरूम. धरणग्रस्तांचं मोजमाप करताना आपण बुडालेले एकर मोजतो. हा हुकलेला १९५७ कोणीच मोजत नाही, आणि माझ्या मते मुळशीचं सर्वांत मोठं नुकसान तेच आहे.

मग माणसं गेली कुठे? काही तलावाच्या वरच्या अंगाला चढली, काही मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेली. डबेवाल्यांत मावळ, खेड, जुन्नरच्या जोडीला मुळशीचीही घरं आहेत. आणि काही पौडच्या वाटेने खाली उतरली. सुरुवातीला हंगामापुरती. भात झोडून झालं की पुण्याला जायचं, हमाली, बांधकाम, गवताचे भारे, आणि मिरगाच्या आधी परत. पुढे परत येणं कमी होत गेलं. यात एक दिवस, एक साल असं काही नाही. म्हणूनच ते लिहिलं गेलं नाही.

पुण्याच्या बाजूचं येणं मात्र तारखेसकट सांगता येतं. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासला फुटला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. वाडे कोसळले, संसार वाहून गेले. पूर ओसरल्यावर शहराने पहिल्यांदा गांभीर्याने मोकळ्या जागांकडे पाहिलं. त्यातच वाड्यांची अवस्था बिकट होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती, मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती, भाडेकरूला जागा सोडवत नव्हती. एकेका वाड्यात पंधरा-पंधरा बिऱ्हाडं, सगळ्यांना मिळून एक नळ. मग १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला, १९६३ चा ओनरशिप फ्लॅटचा कायदा आला आणि पगारदार माणसाला दहा-वीस जणांनी मिळून जमीन घेण्याची वाट मिळाली. कोथरूडच्या सोसायट्या अशा उभ्या राहिल्या. मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी, हॅपी कॉलनी, डहाणूकर, भुसारी. शिक्षक, कारकून, बँकवाले, एस.टी.तले, टेलिफोन खात्यातले. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेलं कर्ज आणि बायकोच्या पाटल्या. मी हे थट्टेने सांगत नाही. माझ्या आईच्या पाटल्या आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीत आहेत.

१९६२ मध्ये किर्लोस्कर-कमिन्सचा कारखाना आला. पौड रोडवर वनाजची कंपनी आली. तिचं नाव आधी बसथांब्याला लागलं आणि आता मेट्रोच्या स्टेशनला. कारखान्यांबरोबर निरनिराळ्या भाषांचे फिटर, टर्नर, इंजिनिअर आले. गुजरात कॉलनीही होतीच. पुढे एम.आय.टी. आणि इतर कॉलेजं निघाली, तेव्हा बिहारपासून केरळपर्यंतची मुलं खोल्या शोधत फिरू लागली. मेस चालवणाऱ्या बायकांनी पोळीबरोबर भात वाढवला, मग पराठा सुरू केला. कोथरूड एका जातीचं, एका चवीचं उपनगर आहे असं म्हणणाऱ्यांनी पौड रोडवर संध्याकाळी साडेसात वाजता नुसतं उभं राहावं आणि कान देऊन ऐकावं.

आणि मग टेकड्या. कोथरूडचं हे अंग दिवाळी अंकांत क्वचितच सापडतं. केळेवाडी, जयभवानीनगर, किष्किंधानगर, सुतारदरा, शास्त्रीनगर, हनुमाननगर. सोसायट्या सपाटीवर बसल्या आणि वस्त्या उतारावर चढल्या. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि सोलापूरकडची माणसं मोठ्या संख्येने पुण्यात आली. त्यांच्या आगेमागे मुळशी, वेल्हे, भोर आणि घाटाखालचे कोकणातले आले. वरच्या बाजूला एकाची भिंत ती खालच्याची मागची बाजू. मी या वस्त्यांतून पुष्कळ हिंडलो आहे. एकदा सुतारदऱ्यात एका घराचं जोतं पाहून थबकलो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. मोठा धोंडा खाली, लहान वर, फटीत चिप्प्या ठोकलेल्या, आणि प्रत्येक थर किंचित आत झुकलेला. मधे पाणी निघून जायला बोटभर वाट ठेवलेली. घरातल्या आजींना विचारलं, हे कोणी रचलं? म्हणाल्या, मालकांनी. ते गावाला ताली घालायचे. मुळशीच्या पावसात, जिथे एका दिवसात देशावरच्या वर्षभराइतकं पाणी पडू शकतं, तिथे भाताच्या खाचराचा बांध टिकवण्याची विद्या त्या माणसाने शहराच्या टेकडीवर आणली होती. शेजारच्या सोसायटीची इंजिनिअरने बांधलेली संरक्षक भिंत फुगलेली होती. हे जोतं जागच्या जागी होतं.

त्या जोत्याची कुठल्याही शासकीय कागदात नोंद नाही. घर गलिच्छ वस्तीतलं, म्हणून मोजलं गेलं ते फक्त चौरस फुटांत. पण आमच्या उपनगराच्या स्थापत्याचा इतिहास लिहायचा झाला, तर मी त्यात मृत्युंजयेश्वराच्या देवळानंतर या जोत्याला जागा देईन.

वस्त्यांतल्या बायका कामाला निघाल्या त्या दोन दिशांनी. एक दिशा सोसायट्यांकडे. धुणं, भांडी, पोळ्या, पुढे आजारी म्हाताऱ्यांची शुश्रूषा. कोथरूडमधल्या किती बायका नोकरी करू शकल्या, कॉलेजात शिकवू शकल्या, लेखिका झाल्या, त्या मागच्या दाराने सकाळी सातला येणाऱ्या बाईच्या जोरावर. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. घरकामाला पगार, रजा, दिवाळीचा बोनस असतो हे मध्यमवर्गाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. संघटना उभी राहिली. राज्याचा घरेलू कामगारांचा कायदा यायला २००८ उजाडलं.

दुसरी दिशा कचऱ्याकडे. पौड रोडच्या टोकाला महापालिकेचा कचरा डेपो होता. शहरभरची घाण तिथे पडत असे आणि बायका ती उपसून कागद, काच, लोखंड वेगळं काढत. एस.एन.डी.टी.च्या पुण्यातल्या विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या दोघी या बायकांबरोबर काम करू लागल्या, आणि १९९३ मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणं हे काम आहे, त्याला ओळखपत्र मिळालं पाहिजे, ही मागणी तिथून निघाली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज कोथरूडच्या दारोदार सकाळी जी बाई ढकलगाडी घेऊन येते, ती कोणाची नोकर नाही, ती आपल्या संस्थेची सभासद आहे.

आता हा धागा जोडून पाहा. १९०० मध्ये विधवांसाठी झोपडी, १९१६ मध्ये त्या माळावर विद्यापीठ, आणि त्या विद्यापीठातल्या बायकांनी १९९३ मध्ये उभी केलेली कचरावेचकांची संघटना. घराबाहेर काढलेल्या एका पिढीच्या बायकांसाठी निघालेली संस्था दुसऱ्या पिढीच्या, दुसऱ्या जातीच्या उठवलेल्या बायकांच्या कामी आली. मला विचाराल तर कोथरूडने महाराष्ट्राला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. नाटकं, मैफली, पुस्तकं सगळं मान्य करून मी हे म्हणतो.

कोथरूडविषयी माझी तक्रारही आहे, आणि ती प्रेमापोटी आहे. आम्ही सोसायटीवाले आपलं विस्थापन विसरलो. पानशेतच्या पुराच्या आठवणी आम्ही दर जुलैला काढतो, पण पुरामुळे ज्याला जागा सोडावी लागली त्याला झोपडपट्टीत राहणाऱ्याची भाषा कळायला हवी होती. टेकडीवरची घरं 'अतिक्रमण' आणि आमच्या सोसायटीने ओढ्यावर घातलेली पार्किंगची फरशी 'सोय', असं आम्ही बोलायला लागलो. काही इमारतींत कामवाल्या बाईला वेगळी लिफ्ट वापरायला सांगतात. ज्या नळाचं पाणी आम्ही पितो, ते मुठेचं. टेमघरचं धरण मुळशी तालुक्यातच आहे. त्यासाठीही गावं उठली. ती माणसं कुठे गेली हे आमच्यापैकी किती जणांनी विचारलं?

हे सगळं आज ताम्हिणीत बोलायची वेळ आली आहे, कारण आता उपनगरच वाट चढून तुमच्याकडे येतं आहे. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोट करून पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या उड्डाणमार्गांचं उद्घाटन झालं. मार्च २०२२ मध्ये वनाजहून मेट्रो धावू लागली. तिचा डेपो त्याच जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आहे. २०२५ मध्ये वनाजपासून चांदणी चौकापर्यंतच्या विस्ताराला केंद्राने मंजुरी दिली. बावधन, भूगाव, भुकूम ही गावं कोथरूडला जवळजवळ चिकटली आहेत. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आहे. मधल्या गावांत जे घडलं त्यावर २०१८ मध्ये प्रवीण तरडे यांनी 'मुळशी पॅटर्न' नावाचा सिनेमा काढला, आणि तुमच्या तालुक्याचं नाव पोरांच्या तोंडी एका विशिष्ट अर्थाने बसलं. जमीन विकून आलेला पैसा, गाडी, बंदूक, तुरुंग. त्या सिनेमातला बाप शेतकरी होता हे पोरं विसरतात.

वर ताम्हिणीपर्यंत येताना आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटच्या पाट्या वाचत आलो. 'धुक्यातलं घर', 'ढगांच्या कुशीत', 'एन.ए. प्लॉट'. जमीन विकू नका असं तुम्हाला सांगण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः दुसऱ्याच्या शेतावर बांधलेल्या इमारतीत राहतो. पण कोथरूडचे जुने शेतकरी आणि मुळशीचे धरणग्रस्त या दोघांच्या कागदांतून मला जे दिसलं ते सांगतो. साठेखतावर सही करण्याआधी फेरफार स्वतः तलाठ्याकडून काढून वाचा. मुखत्यारपत्र कोणाच्या नावाने दिलं आहे ते घरातल्या बाईलाही माहीत असू द्या. वहिवाटीची वाट, पाणवठा, देवराई आणि मसणवट या चार गोष्टी नकाशावर दाखवल्याशिवाय इसार घेऊ नका. १९२१ ला मावळ्यांचं जे सावकाराच्या वहीत नव्हतं, ते आता बिल्डरच्या नकाशातही नसतं.

आणि एक काम मला आपण सगळ्यांनी मिळून करायचं आहे. बावन्न गावांपैकी कोणत्या घराण्यातलं कोण, कोणत्या साली, कुठल्या वाटेने, कुठे गेलं, याची एक वही करू या. इथल्या शाळेतली नववी-दहावीची मुलं आजी-आजोबांकडून विचारून लिहितील, आणि कोथरूडच्या वस्त्यांत मी आणि माझे दोन-चार विद्यार्थी फिरू. प्रत्येक घराला सहा गोष्टी विचारायच्या : मूळ गाव, मूळ देव, खाचर किती पायलीचं होतं, जमीन स्वतःची होती की कुळाने, कोणत्या कामाला पहिल्यांदा शहरात गेले, आणि शहरातली पहिली रात्र कुठे काढली. पेटीत, देव्हाऱ्यामागे, जुन्या ट्रंकेत मोडीतले कागद असतील, पावत्या असतील, मोबदल्याचे आदेश असतील. ते फेकू नका, कोणाला देऊन टाकूही नका. मोडी मला वाचता येते. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुराभिलेखागार आहे, तिथे मूळ दप्तराशी ताडून पाहता येईल. आज सभा संपल्यावर मी देवळाच्या पडवीत बसणार आहे. ज्यांच्याकडे असा एखादा कागद घरात आहे, त्यांनी तो घेऊन यावा. वाचून, उतरवून घेऊन, तिथल्या तिथे परत देईन.